एक जूनचा रकाना

"सर, आपल्या गावातली सगळी मोठी माणसं एक जूनलाच कशी काय जन्मली?"

मी हे विचारलं, आणि परिपाठाला उभी असलेली अख्खी शाळा आधी गप्प झाली, मग फुटली. पाचवीच्या ज्या चिल्ल्यापिल्ल्यांना प्रश्न कळलाही नव्हता, तीसुद्धा मोठ्यांचं बघून हसत होती. समोर मुख्याध्यापक खोत सर माईक धरून उभे होते. त्यांचा स्वतःचा वाढदिवस एक जूनला असतो हे मला ठाऊक होतं. अल्फिया मुलाणीलाही ठाऊक होतं, म्हणून तर तिनं पैज लावली होती.

"विचारलंस तर वार्षिक परीक्षेपर्यंत खिडकीची जागा तुझी," ती रांगेत माझ्या मानेत कुजबुजली होती.

"आणि नाही विचारलंस तर आमची दोघींची दप्तरं तू उचलायची," दर्शनानं पुढे जोडलं होतं.

आठवीपर्यंत कुणी अशी पैज माझ्याशी लावलीच नसती. आठवीपर्यंत मी हजेरीलासुद्धा 'हजर' इतकं हळू म्हणायचे की बाई दोनदा गैरहजर लावून मोकळ्या झाल्या होत्या. पण नववीत मला एकदम आवाज फुटला. मुलांचा फुटतो तसा नाही, चांगला फुटला. मग काय, इतकी वर्षं साठलेलं सगळं बोलून टाकायची मला घाई झाली होती.

सरांनी नुकतंच जाहीर केलं होतं की शाळेला पन्नास वर्षं होतायत, म्हणून शाळा एक दिनदर्शिका छापणार. "देशाचा दिनविशेष आपण रोज परिपाठाला वाचतो," सर म्हणाले होते, "आता बोरजाईवाडीचा दिनविशेष काढायचा. प्रत्येक तारखेच्या रकान्यात गावात त्या दिवशी काय घडलं त्याची एक ओळ. एक तारीख, एक ओळ. बारा महिने, नववीचे बारा विद्यार्थी. काही शंका?"

'काही शंका' हे सर रोजच म्हणायचे. जनगणमन झालं की विसर्जन, तसं भाषण झालं की 'काही शंका'. शंका कुणाला कधीच नसायची.

"नाव?" सरांनी माईकमधून विचारलं.

"प्रांजल भास्कर खराडे. नववी ब."

"छान. जून महिना तुझा."

शाळा पुन्हा हसली. अल्फियाला जुलै मिळाला, दर्शनाला डिसेंबर. मला मात्र शिक्षा म्हणून जून.

आमच्या गावच्या बाहेर राहणाऱ्यांना हे कळायचं नाही, म्हणून सांगते. पूर्वी पोरगं शाळेत घालायला आणलं की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? आईबाप म्हणायचे, पाऊस लागला होता. किंवा, म्हस व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी. आता म्हस कधी व्याली हे कुठे लिहिणार? मग गुरुजी सरळ एक जून लिहायचे. जूनमध्ये शाळा उघडते, हिशेबाला सोपं. त्यामुळे दर एक जूनला एसटी स्टँडपासून मारुतीच्या देवळापर्यंत वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात आणि प्रत्येक फ्लेक्सवरचा माणूस शेजारच्या फ्लेक्सवरच्या माणसाला शुभेच्छा देत असतो.

आमच्या घरातही तेच. पप्पा एक जून आणि आईही एक जून. केक मात्र एकच येतो आणि त्यावर 'भास्कर' लिहिलेलं असतं. आई म्हणते, "दोन नावं मावत न्हाईत. आणि मला काय करायचाय वाढदिवस?" असं म्हणून ती केक कापायला सुरी आणून देते आणि टाळ्या वाजवते.

म्हणून खरं सांगायचं तर जून मिळाल्यावर मी तोंड पाडलं ते नुसतं दाखवायला. मनात माझं ठरलं होतं. एक जूनच्या रकान्यात मी आईचं नाव लिहिणार. 'सौ. शालन भास्कर खराडे यांचा वाढदिवस'. नीट मावतं, मी वहीच्या मागच्या पानावर मोजून बघितलं होतं. आईचं नाव रेशनकार्डाशिवाय कशावरच छापून आलेलं नव्हतं, आणि ही दिनदर्शिका गावातल्या प्रत्येक घरात खिळ्याला लागणार होती.

आठवड्यानं सरांनी मला ऑफिसात बोलावलं.

"जून कुठवर आलाय?"

"बरंच झालंय, सर. सात जूनला पाण्याच्या टाकीचं उद्घाटन, आणि त्याच दिवशी टाकी गळायला लागली. पण एक तारीख एक ओळ, म्हणून उद्घाटन लिहू का गळती?"

"उद्घाटन. आणि एक जून?"

मी श्वास घेतला. "माझी आई."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग टेबलावरून थोडे पुढे झुकून म्हणाले, "प्रांजल, एक जूनच्या रकान्यात आबासाहेब. त्यांचा अमृतमहोत्सव आहे. पंचाहत्तरी."

आबासाहेब पिसाळ म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. पांढरी टोपी, पांढरी मिशी, पांढरी गाडी.

"पण सर, ते ऐतिहासिक कसं?"

"दिनदर्शिकेच्या छपाईचा खर्च आबासाहेब करतायत. याहून ऐतिहासिक काय घडायचंय या गावात?" एवढं बोलून सरांनी पटकन दाराकडे बघितलं. बाहेर कुणी नव्हतं.

"माझी आईपण एक जूनचीच आहे, सर. तुम्हीपण. मग आबासाहेबच का? जो खरंच एक जूनला जन्मलाय, त्याचंच नाव लिहायला पाहिजे ना? आपण दिनविशेष म्हणतोय. इतिहास आहे तो. पुरावा पाहिजे."

'पुरावा' हा शब्द मी दोन दिवसांपूर्वीच इतिहासाच्या तासाला उचलला होता आणि तो वापरायला जागा शोधत होते.

सर मला घालवायच्या घाईत होते. "मग जा. तोडकर गुरुजींकडे जा. सगळ्यांच्या तारखा त्यांनीच लिहिल्यात. आण पुरावा."

मी खरंच जाईन असं त्यांना वाटलं नसावं.

तोडकर गुरुजी ओढ्याच्या पलीकडे राहतात. मी आणि अल्फिया गेलो तेव्हा ते अंगणात पोत्यावर बसून शेंगा फोडत होते. नव्वदीला टेकले असतील, पण शेंगा फोडायचा वेग असा, की अल्फियानं मदतीला घेतलेली मूठभर होईतोवर त्यांचं सूप भरलं.

"गुरुजी, तुम्ही सगळ्यांना एक जून का दिली?" मी बसता बसताच विचारलं.

"मग काय देऊ? एकतीस मे दिली असती तर पोरगं एक दिवसानं मोठं झालं असतं, नोकरीत एक दिवस कमी." ते हसले. दात दोनच होते, पण दोन्ही हसण्याच्या कामी लागले होते. "तारीख सोपी गं. अवघड होतं वरीस. पोरगं सहाचं हाय का पाचाचं, हे कसं ओळखायचं? सांग."

"कसं?"

"ऊठ. उजवा हात डोक्यावरनं घे आणि डावा कान धर."

मी धरला. अल्फियानंही धरला.

"झालं. सहा पूर्ण. ज्याचा हात कानाला पोचला तो शाळेत, ज्याचा न्हाई तो घरी. सरकारचं मोजमाप काही असो, बोरजाईवाडीत कान म्हंजे कान."

आम्ही दोघी कान धरून तशाच उभ्या राहिलो होतो. रस्त्यानं जाणाऱ्या एका मावशींनी विचारलंसुद्धा, "गुरुजी, काय चूक केली ओ पोरींनी?"

"आणि आबासाहेब पिसाळ?" मी हात खाली घेतला. "त्यांचा जन्म एक जूनचा आहे का खरंच?"

गुरुजींच्या हातातली शेंग फुटायची थांबली.

"आबा!" ते म्हणाले आणि हसायला लागले. इतके हसले की मी पाणी आणायला उठले. "अगं, पैलवानाच्या घरातलं पोर. मान अशी जाड, दंड असं, आणि हात आखूड. त्याच्या बापानं सहाव्या वर्षी आणला. कान लागंना. सातव्या वर्षी आणला, कान लागंना. बाप मान वाकडी करून दाबतोय, आबा रडतोय, मी म्हणतोय, दादा, मान मोडंल, ऱ्हाऊ द्या. आठव्या वर्षी कुठं बोट टेकलं. मी सहा पूर्ण लिहिली."

अल्फियानं माझ्याकडे बघितलं. मी बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे गुरुजी, आबासाहेब पंचाहत्तर नाहीत?"

"सत्त्याहत्तर! अमृतमहोत्सव होऊन गेला त्याचा. त्यालाच ठावं न्हाई."

मला इतका आनंद झाला की मी शेंगा फोडायच्या विसरून नुसत्याच खात बसले. रकाना मोकळा झाला. आता आई. पुरावा आणायलाच आले होते, तर पुरा आणावा.

"गुरुजी, माझी आईपण तुमच्याच हाताखालची. शालन. वरच्या आळीच्या महादू शिंगाड्यांची."

गुरुजींनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं, कपाळावर हात आडवा धरून.

"तू शालीची?"

"हो."

"तरीच." त्यांनी नवी शेंग उचलली. "तिचा कान लागला बघ लगेच. तोंड मात्र बंद होईना."

"माझ्या आईचं?" मी विचारलं. माझी आई म्हणजे दुकानात साखर मागतानासुद्धा पुढच्या माणसाचं होईस्तोवर उभी राहणारी. तिच्या पुढे तीन जण घुसले तरी ती पिशवीची नाडी नीट करत राहते.

"इतक्या वर्षांत माझ्याशी भांडलेली एकच पोर ती. मी लिहिलं एक जून. ती म्हणाली, न्हाई. माझा वाढदिवस बेंदराला असतो. मी म्हटलं, कुणी सांगितलं? म्हणाली, कुणी कशाला सांगायला पायजे? बेंदराला घरोघरी पोळ्या करत्यात माझ्यासाठी. बैल रंगवत्यात. वाजत-गाजत मिरवणूक काढत्यात."

अल्फिया हसायला लागली. मीही हसले असते, पण मला पुढचं ऐकायचं होतं.

"सगळी हसली. म्हादूबा म्हणाला, गप बस. आईनं सांगितलं असणार तिला, बेंदराच्या दिवशी झालीस म्हणून. पोरीला वाटलं, गाव तिचाच सण करतंय. मी समजावलं. म्हटलं, बाळ, बेंदूर आषाढात येतो, पण दरसाल तारीख सरकती त्याची. सरकती तारीख रजिस्टरात चालत न्हाई. तर मला म्हणती कशी," गुरुजींनी बारीक आवाज काढला, "'मग रजिस्टर सरकवा.'"

"मग?"

"मग काय. लिहिली एक जून." त्यांनी सूप पाखडलं, टरफलं उडाली. "आठवडाभर हजेरीला ओ दिली न्हाई तिनं. मी नाव घ्यायचो, ती खिडकीतनं बाहेर बघायची. आठवडा झाल्यावर दिली. त्यानंतर मग शहाण्या पोरीसारखी गप बसायची."

परत येताना अल्फिया आबांची मान आठवून हसत होती. मी गप्प होते. ओढा ओलांडल्यावर ती म्हणाली, "काय गं, तुझा आवाज परत गेला काय?"

घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती. मी चुलीशी जाऊन बसले आणि म्हणाले, "आई, तू बेंदराची आहेस?"

थापणारा हात थांबला. भाकरी परातीत एका बाजूला जाड राहिली.

"कुणी सांगितलं?"

"तोडकर गुरुजींनी. म्हणाले, तू म्हणालीस रजिस्टर सरकवा."

आई हसायला लागली. पिठाचे हात तिनं तोंडावर धरले, आणि नाकाला, गालाला, कपाळाला सगळीकडे पीठ लागलं. "मला खरंच वाटायचं गं," ती हसता हसता म्हणाली, "ते बैल माझ्यासाठीच रंगवत्यात. शिंगांना बेगड लावलेलं बघून मी आईला म्हणायची, एवढं कशाला? साधंच करायचं की."

"मग कधी सांगितलं का नाहीस आम्हाला?"

"काय सांगायचं त्यात?" तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझी एक पोळी असती की. सगळ्यांची जेवणं झाली, चूल निवायला आली, की शेवटची पोळी मी माझ्या नावाची खाते. नीट भाजून. तूप घालून."

मला आठवलं. दर बेंदराला पहिली पोळी पप्पा ट्रॅक्टरला नेतात. आमच्याकडे आता बैल नाहीत. पप्पा ट्रॅक्टर धुतात, हार घालतात, आणि बॉनेटवर पोळीचा नैवेद्य ठेवतात. मग मातीच्या बैलांना, मग पप्पांना, मग मला, मग आलेल्यागेलेल्याला. आई सगळ्यांच्या मागून. मी दर वर्षी हाक मारायचे, आई, ये ना गं आता जेवायला, किती वेळ. ती आतून म्हणायची, आले, एकच राह्यलीय.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी अल्फियाच्या बाकापाशी गेले. तिच्या जुलैच्या पानावर बेंदराच्या रकान्यात लिहिलेलं होतं, 'अहमद मुलाणी यांच्या बैलजोडीचा मिरवणुकीत पहिला क्रमांक'. अहमद मुलाणी म्हणजे तिचे दादा, आजोबा.

"अल्फिया, तो रकाना..."

"खिडकी परत दे," ती म्हणाली.

"दिली."

"आणि परीक्षेपर्यंत दप्तर."

"उचलते."

तिनं खोडरबर घेतलं आणि दादांचा पहिला क्रमांक पुसून टाकला. "बैल काय वाचायला येणार नाहीत," ती म्हणाली. "दादा येतील, पण त्यांचं मी बघते."

राहिला प्रश्न आबासाहेबांचा.

छपाईला जायच्या आधी ते पानं बघायला शाळेत आले. सरांनी चहा मागवला, बिस्किटं मागवली, पंखा वाढवला, मग डिसेंबर आहे हे लक्षात येऊन कमी केला. आम्ही बारा जण भिंतीला टेकून ओळीनं उभे होतो. आबांनी जानेवारी उलटला, मेपर्यंत आले, आणि जूनवर थांबले. एक जूनचा रकाना कोरा होता.

"खोत, हितं माझं नाव न्हाई."

"ते... आबासाहेब, ते..." सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मला त्यांची दयाच आली.

"मी सांगते, आबा," मी पुढे झाले. "तुम्ही एक जूनला जन्मला नाहीत."

"मग काय जन्मलोच न्हाई का काय?"

"जन्मलात ना! उलट लवकर जन्मलात. दोन वर्षं आधी."

मग मी सगळं सांगितलं: कान, मान, आखूड हात. ओळीतून खुसखुस ऐकू येत होती, दर्शना तर ओढणी तोंडात कोंबून उभी होती. सर खुर्चीत असे बसले होते की जणू बदलीचा कागद आताच हातात पडलाय. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी हळूच उजवा हात वर नेला, डोक्यापर्यंत. टोपी तिरकी झाली. हात पुढे जाईना.

"खांदा धरलाय," ते म्हणाले. आणि मग एकदम, "म्हंजी माझा अमृतमहोत्सव झाला? कवा झाला? कुणी सांगितलं न्हाई मला!"

"तुमच्याच वाढदिवसाचं आम्ही तुम्हाला कसं सांगणार, आबासाहेब," सर पुटपुटले.

आबांनी जूनचं पान जवळ ओढलं. मग त्यांनी विचारलं, पण या वेळी अध्यक्षांच्या आवाजात नाही:

"मग मी जन्मलो कवा गं? गुरुजी काय म्हणालं?"

याची चौकशी मी दुसऱ्यांदा जाऊन करून आले होते. पुरावा म्हणजे पुरावा. "गुरुजी म्हणाले, तुमची आई त्यांना सांगायची. ज्वारीची मळणी चालली होती. त्या सकाळपासनं खळ्यावर होत्या. शिवरात्रीचा उपास होता. दुपारी उठून घरात गेल्या आणि तुम्ही झालात."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हणायची ती," ते म्हणाले. "तू दाण्याबरोबर घरात आलास म्हणायची. मला वाटायचं, उगी लाडानं म्हणती." त्यांनी नाक ओढलं, टोपी परत घातली, सरळ केली. "शिवरात्र येत्या साली कुठल्या महिन्यात?"

"मार्च," भिंतीकडून आवाज आला.

"मार्च कुणाकडं हाय? लिही. आबा पिसाळ, खळ्यावरचा जन्म. साहेब-बिहेब नको." मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "आणि खोत, कार्यक्रम त्याच दिवशी घ्यायचा. सत्त्याहत्तर तर सत्त्याहत्तर. शिवरात्रीला अख्ख्या गावाला उपास. एकेक वाटी खिचडी दिली की झालं, जेवणावळ वाचली!"

ही बातमी आबांच्या गाडीच्या आधी गावात पोचली. दोन दिवसांत आमच्या वर्गाच्या दाराशी माणसं यायला लागली. मला एक जूनमधून काढा. मी नागपंचमीचा, आई झोक्यावरनं उतरली आणि मी झालो. मी यल्लमाच्या यात्रेतली. दर्शनाकडे अकरा डिसेंबरला तीन जण एकदम आले. तिघंही कोयनेच्या भूकंपाच्या रात्री जन्मलेले, आणि तिघांचंही म्हणणं, मी जन्मलो आणि मग जमीन हलली. एक तारीख, एक ओळ. दर्शनानं 'भूकंप व तीन जन्म' लिहून वाद मिटवला. शेवटी एका संध्याकाळी वर्ग रिकामा झाल्यावर खोत सर आले, खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले आणि म्हणाले, "आमची आई म्हणायची, लक्ष्मीपूजनाला झालो मी. फटाक्यांमुळे माझं रडणं कुणाला ऐकू आलं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे दिनदर्शिकेपुरतंच हं. सेवापुस्तकाला हात लावायचा नाही."

अशा रीतीनं ज्या रकान्यासाठी एवढं रामायण झालं, तो रिकामाच राहिला. एक जूनला जन्मलेलं बोरजाईवाडीत कुणी उरलंच नाही. पुस्तकं चाळता चाळता मला कळलं की एसटीची पहिली गाडी पुणे-नगर रस्त्यावर एक जूनला धावली. म्हणजे आमच्या गावात रोज येणारी, खरोखर एक जूनला जन्मलेली, अशी एकटी एसटीच. मी तिचं नाव लिहिणारच होते. पण गुरुजींकडे तिसऱ्यांदा गेले तेव्हा सहज विचारलं, "गुरुजी, तुमचा वाढदिवस?"

"माझा? एक जून," गुरुजी म्हणाले. "आमच्या गुरुजींनी लिहिलेला. आमचं कुणी ऱ्हायलं न्हाई सांगायला, खरा कवाचा ते."

मग मी एक जूनच्या रकान्यात लिहिलं, 'तोडकर गुरुजी आणि एसटी यांचा वाढदिवस'. नीट मावलं.

आता मी बारावीला आहे. ती दिनदर्शिका जुनी झाली, पण गावात अजून कितीतरी घरांत खिळ्याला आहे. मला मात्र ती छापून आली ती संध्याकाळ आठवते.

मी धावतच घरी आले. पप्पा नुकतेच शेतातून येऊन पाय धूत होते. मी दिनदर्शिका स्वयंपाकघरात, आईला चुलीशी बसूनही दिसेल अशी टांगली, आणि जून-बिन सोडून थेट जुलै उघडला.

आईनं पदराला हात पुसले आणि जवळ आली. बेंदराच्या रकान्यावर बोट ठेवून ती वाचायला लागली, एकेक अक्षर, पहिलीच्या पोरीसारखी. "सौ. शालन... भास्कर... खराडे... यांचा वाढदिवस." बोट तिथेच राहिलं. मग तिनं बोट न उचलताच विचारलं, "पुढच्या वर्षी तारीख सरकंल की गं?"

"मग पुढच्या वर्षी आपण सरकू," मी म्हणाले.

पप्पा मागून वाकून वाचत होते. "बेंदूर? अगं, पण तू तर एक जून... माझ्याबरोबर..."

"तुमचा खरा कधीचा, पप्पा?"

"मला काय म्हाईत? एक जूनच ऱ्हाऊ दे. केकची सवय झालीय." ते आईकडे बघून जरा ओशाळले. "मला कधी बोलली न्हाईस."

"तुम्ही कधी विचारलं न्हाई," आई म्हणाली. मोठ्यानं. ओढ्यापलीकडे वरच्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं नाही, पण आमच्या घरात तोवर ऐकलेलं नव्हतं इतक्या.

मी पाटावर उभी राहिले. बसूनही सांगता आलं असतं, पण मला उभं राहायचं होतं.

"ऐका दोघंही. मी ठरवलंय. यंदाच्या बेंदराला आई चुलीपुढे बसणार नाही. पोळ्या मी लाटणार. पुरण पप्पा वाटणार."

"मी?" पप्पा म्हणाले. "मला कुठं येतंय?"

"जुलैला वेळ आहे, शिका. आणि पहिली पोळी तव्यावरनं थेट आईच्या ताटात. ट्रॅक्टरला दुसरी."